संग्रहालय काय झाकतं, तेही विचारा

युद्धात स्त्रियांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांची आठवण संग्रहालयं जपतात तरी कशी? तोफ मांडता येते, गणवेश मांडता येतो. इथे मांडायला हाती लागतं काय? आणि मांडलंच, तर ती त्या बाईची दुसऱ्यांदा केलेली विटंबना नाही का? असा प्रश्न आहे.

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. हो, विटंबना होऊ शकते. होताना मी पाहिली आहे आणि एकदा माझ्याच हातून झाली आहे. ती हकीकत पुढे येईल. गेली वीसेक वर्षं मी साक्षी ध्वनिमुद्रित करणं, त्यांची नोंद ठेवणं आणि त्यांतून प्रदर्शन उभं करणं हे काम करते. लोक दालन बघतात. अशा कुठल्याही संग्रहालयात गेले की मी आधी नोंदवहीबद्दल विचारते. काय दाखवायचं नाही, ते कोणी ठरवलं आणि कुठे लिहून ठेवलंय? याचं उत्तर झटकन मिळालं तर पुढची मांडणी बघायला मन निवांत होतं.

आता हाती काय लागतं ते.

बहुतेक वेळा पहिला कागद गुन्हेगाराचाच मिळतो, कारण सैन्याला हिशेब ठेवायची सवय असते. दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी सैन्याची गोष्ट घ्या. कोरिया, चीन आणि इतर देशांतल्या स्त्रियांना अड्ड्यांत कोंडून त्यानं सैनिकांसाठी लैंगिक गुलाम केलं होतं. १४ ऑगस्ट १९९१ रोजी सोलमध्ये किम हाक-सून यांनी स्वतःच्या नावानिशी, चेहरा न लपवता, आपल्यावर काय गुदरलं ते जगापुढे सांगितलं. तोवर जपान सरकारचं म्हणणं होतं की हा खासगी दलालांचा धंदा होता. किम बोलल्या ते पाहून इतिहासकार योशिमी योशिआकी शोधाला लागले आणि जानेवारी १९९२ मध्ये त्यांनी संरक्षण खात्याच्याच ग्रंथालयातले, लष्कराचा हात दाखवणारे कागद वृत्तपत्रातून उजेडात आणले. क्रम लक्षात घ्या. कागद आधीपासून कपाटात होता. बाई बोलली तेव्हा तो सापडला. संग्रहालयांत मात्र बऱ्याचदा उलटं मांडतात. आधी सरकारी दस्तऐवज आणि मग त्याला आधार म्हणून बाईचं वाक्य. मला ते पटत नाही.

या अड्ड्यांच्या नियमावल्या आता काही संग्रहालयांत काचेखाली आहेत. दिवसा शिपाई, संध्याकाळी त्यांच्या वरच्या हुद्द्याचे, रात्री अधिकारी. प्रत्येकाचा दर वेगळा. एखाद्या कचेरीचं वेळापत्रक असावं तसा तो कागद थंड आहे. त्याच्या शेजारी कधी सैन्याकडून वाटल्या जाणाऱ्या निरोधाचं पाकीट असतं. त्यावरचं नाव ‘तोत्सुगेकी इचिबान’, म्हणजे ‘चढाई नंबर एक’. मला विचाराल तर अख्ख्या दालनात याहून बोलकी वस्तू सापडणार नाही. कुठलीही बाई दिसत नाही, रक्त नाही, आरडाओरडा नाही, आणि तरी एवढं कळतं की हे सामान बनवायला कारखाना लागला, वाटायला कारकून लागला, आणि नाव ठेवणारा कुणीतरी स्वतःवर खूश होता. जपणुकीच्या दृष्टीनं ही वस्तू भारी कटकटीची. रबर हवेनं आणि उजेडानं कडक होतं, तडकतं, मग भुगा होतो. त्याला थंड आणि अंधारी जागा लागते, म्हणजे प्रदर्शनाच्या नेमकी उलट. म्हणून मूळ वस्तू आत ठेवून बाहेर फक्त रिकामं पाकीट किंवा छायाचित्र ठेवणं मी योग्य मानते.

वस्तूंनंतर जागा. चीनमधल्या नानजिंगमध्ये लिजीश्यांग नावाच्या गल्लीत जुन्या इमारतींचा एक समूह आहे. तिथलं संग्रहालय १ डिसेंबर २०१५ रोजी उघडलं. ही जागा नक्की ठरली ती पाक योंग-शिम या कोरियन स्त्रीमुळे. सप्टेंबर १९४४ मध्ये चीन-ब्रह्मदेश सीमेवर जपानी ठाणं पडल्यावर अमेरिकन सैन्याच्या छायाचित्रकारानं चार स्त्रियांचा एक फोटो काढला होता. त्यातली एक दिवस भरत आलेली गरोदर, डोंगराला टेकून उभी. कित्येक दशकं ती निव्वळ ‘फोटोतली गरोदर बाई’ होती. ती मी आहे, असं पाक योंग-शिम यांनी पन्नासहून अधिक वर्षांनी सांगितलं. पुढे २००३ मध्ये त्या म्हातारपणी नानजिंगला आल्या आणि आपल्याला कोंडलं होतं ती इमारत त्यांनी ओळखली. एका फोटोचं नाव आणि एका इमारतीचा इतिहास, दोन्ही एकाच बाईच्या सांगण्यावर उभं राहिलं. आता दारात त्याच फोटोवरून केलेला गरोदर स्त्रीचा ब्राँझचा पुतळा आहे.

त्याच संग्रहालयात बाहेर पडताना एका वृद्ध स्त्रीचा चेहरा भिंतीवर आहे. त्याच्या डोळ्यांतून सतत पाणी वाहतं आणि प्रेक्षकांनी ते रुमालानं पुसावं अशी विनंती लिहिलेली आहे. अनेकांना ती कल्पना हलवून जाते, तिथे रडणारी माणसं असतात. माझं मत जरा वेगळं आहे. डोळे पुसल्यावर माणसाला आपण काहीतरी केलं असं वाटतं आणि तो हलका होऊन घरी जातो. कोरियातल्या काही जागी अड्ड्यातली खोली जशीच्या तशी उभी केली आहे: खाट, पाण्याचं घमेलं, दाराशी नावाची पट्टी. तिथेही मला हीच अडचण जाणवते. त्या खोलीच्या उंबऱ्यात उभा राहिलेला प्रेक्षक नकळत आत येणाऱ्या शिपायाच्या जागी उभा असतो. मांडणी करणाऱ्यानं हे एकदा तरी स्वतः तिथे उभं राहून तपासावं. माणसाला कुठून बघायला लावतो, हे पाटीवरच्या मजकुराइतकंच महत्त्वाचं आहे.

खोलीपेक्षा मला त्या स्त्रियांनी स्वतः काढलेली चित्रं अधिक मोलाची वाटतात. सोलजवळच्या ग्वांगजूमध्ये ‘नानुम-उई जिप’, म्हणजे वाटून घेण्याचं घर, नावाची जागा आहे. तिथे वाचलेल्या स्त्रिया एकत्र राहत, आणि १९९८ मध्ये त्याला जोडून संग्रहालय झालं. राहणाऱ्यांपैकी काहींना चित्रकला शिकवली गेली. कांग दोक-क्यंग यांनी कधी कुंचला धरला नव्हता. त्यांच्या एका चित्रात फुललेलं चेरीचं झाड आहे, खोडात सैनिक मिसळलेला, मुळांशी कवट्या, आणि खाली एक विवस्त्र मुलगी. मुलीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलंय. काय दाखवायचं आणि काय झाकायचं, हे इथे तिनंच ठरवलं. त्या १९९७ मध्ये गेल्या. देगू शहरात २०१५ मध्ये उघडलेल्या ‘हीउम’ संग्रहालयाची ओळख म्हणजे अशा दोन स्त्रियांनी फुलं दाबून, वाळवून केलेली चित्रं. त्यांत युद्धाचा मागमूस नाही. काही पाहुणे विचारतात, ह्याचा विषयाशी काय संबंध? संबंध हाच, की माणसाचं सगळं आयुष्य त्या एका गोष्टीचं नसतं.

झाकलेल्या चेहऱ्यावरच थोडं थांबते.

१९७१ च्या बांगलादेश मुक्तियुद्धाबद्दल वाचलं असेल तर नायब उद्दीन अहमद यांनी टिपलेला एक फोटो डोळ्यांसमोरून गेलाच असेल. एक स्त्री, मोकळे केस सगळ्या तोंडावर आलेले, दोन मुठी आवळून चेहऱ्यापुढे धरलेल्या, हातात बांगड्या. पुस्तकांत, भित्तिपत्रकांवर, प्रदर्शनांत तो शेकडो वेळा छापला गेला. लाजेनं तोंड लपवणारी स्त्री, असं त्याचं वर्णन करतात. मला तो बघताना वाटतं की ती कदाचित कॅमेऱ्यालाच नको म्हणत असेल. त्या मुठी तशा दिसतात.

स्वातंत्र्यानंतर नव्या सरकारनं युद्धात बलात्कार सोसलेल्या स्त्रियांना ‘वीरांगना’ म्हणून गौरवलं. हेतू चांगलाच होता. पण लोकांच्या तोंडी त्याचं ‘वारांगना’ व्हायला कितीसा वेळ लागतो? आपल्याला तर तो एका काना-वेलांटीचा फरक समजावून सांगायलाही नको. १९९२ च्या मार्चमध्ये ढाक्यात युद्धगुन्हेगारांविरुद्ध जनतेचं न्यायालय भरलं. कुश्तिया भागातून तीन स्त्रियांना तिथे आणलं गेलं, त्यांचे फोटो वर्तमानपत्रांत आले. राजधानीत टाळ्या पडल्या आणि गावात परतल्यावर वर्षानुवर्षं टोमणे वाट्याला आले. त्याला बंगालीत ‘खोंटा’ म्हणतात. मानववंशशास्त्रज्ञ नयनिका मुखर्जी यांनी त्या गावात राहून हे सविस्तर नोंदवलं आहे. त्या स्त्रियांच्या घरच्यांना काय झालं होतं ते आधीपासून ठाऊक होतं. ते चारचौघांत आलं, हा त्यांचा घाव होता. आमच्या क्षेत्रात ‘मौन तोडणं’ हा शब्द फार सैलपणे वापरतात. घरात जे माहीत असतं, ज्याच्याबद्दल न बोलता माणसं एकमेकांना सांभाळून घेतात, ते मौन नेहमीच तोडण्यासारखं नसतं.

याच्या शेजारी ग्वाटेमालातलं सेपूर झार्को ठेवा. तिथल्या लष्करी ठाण्यावर १९८० च्या दशकात केकची या मूलनिवासी समाजाच्या स्त्रियांना गुलाम करून ठेवलं होतं. खटला उभा राहिला आणि २६ फेब्रुवारी २०१६ रोजी निकाल लागला. लष्कराच्या एका माजी अधिकाऱ्याला आणि एका माजी सहकाऱ्याला प्रत्येकी शंभरहून अधिक वर्षांची शिक्षा झाली. फिर्यादी वृद्ध स्त्रिया न्यायालयात डोक्यावरून, चेहऱ्यावरून रंगीत विणीचे शेले ओढून बसल्या होत्या. फोटोंत नुसते रंग दिसतात. निकाल ऐकल्यावर त्यांनी शेले बाजूला केले. बांगलादेशच्या त्या फोटोत आणि या फोटोत चेहरा सारखाच झाकलेला आहे, पण दुसऱ्या वेळी पदर कधी ओढायचा आणि कधी सारायचा हे त्यांच्या हाती होतं. मी नव्या सहकाऱ्यांना हे दोन फोटो शेजारी ठेवून दाखवते, बाकी काही बोलत नाही.

आता माझ्या चुकीची गोष्ट. एका प्रदर्शनात आम्ही एका स्त्रीची साक्ष घेतली होती. नाव बदललं, आवाज बदलला, चेहरा अर्थातच नाही. पाटी मी लिहिली. त्यात एक वाक्य होतं: ‘तिघी बहिणींतली थोरली, नवरा होडी चालवायचा.’ मला ते वाक्य आवडलं होतं, त्यात जितंजागतं माणूस दिसत होतं. चौथ्या दिवशी एक प्रेक्षक पाटीपुढे थांबला आणि सोबतच्याला म्हणाला, “ही तर आपल्या अमक्याची आई.” आमच्या पहारेकऱ्यानं ते ऐकलं आणि मला येऊन सांगितलं. पाटी त्याच रात्री उतरवली. दुसऱ्या दिवशी, बातमी पोचायच्या आत, मी तिच्या घरी गेले. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, “होडीचं मी तुम्हाला म्हणून सांगितलं होतं.”

तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक पाटी त्याच भागातल्या, विश्वासातल्या एका माणसाला दाखवली जाते, आणि त्याला एकच काम असतं: ही कोण आहे ते ओळखून दाखव. ओळखलं, की मजकूर परत माझ्याकडे. संमतीचा कागदही तेव्हाच बदलला. आधी एकच सही होती. आता नाव, चेहरा, आवाज, गाव, नातेवाइकांचा उल्लेख, प्रत्येकाला वेगळं हो किंवा नाही. दालनात चालेल पण इंटरनेटवर नको, असं म्हणायची सोय. माझ्या पश्चात उघडा, किंवा माझी मुलं असेतो उघडू नका, असं म्हणायची सोय. आणि मन बदललं तर कधीही परत घ्यायची सोय, कारण न देता. दर काही वर्षांनी आम्ही पुन्हा विचारतो. काही जणी तेव्हा बंद केलेलं उघडतात. एकीनं नातीच्या लग्नानंतर नाव लावायला सांगितलं.

ही केवळ आमची तऱ्हा आहे असं समजू नका. इराकमधल्या यझिदी समाजाच्या, आयसिसच्या कैदेतून सुटलेल्या नादिया मुराद यांना २०१८ चं शांततेचं नोबेल डॉ. डेनिस मुक्वेगे यांच्यासोबत मिळालं. मुराद यांच्या नावानं एप्रिल २०२२ मध्ये एक आचारसंहिता जाहीर झाली. युद्धातल्या लैंगिक हिंसेची माहिती गोळा करणाऱ्यांनी, मग तो पत्रकार असो, वकील असो की संग्रहालयवाला, कसं वागावं याबद्दल ती आहे. तिच्यातला मला सर्वांत उपयोगी वाटणारा मुद्दा अगदी साधा आहे: विचारायच्या आधी बघा, हे तिनं आधीच कुणाला सांगितलंय का. सिंजार या यझिदींच्या भागातल्या काही स्त्रियांनी तीच कहाणी वेगवेगळ्या लोकांना कितीतरी वेळा सांगितली. दर वेळी नवा माणूस, नवी वही.

संमती चेहऱ्याला लागू होते तशी भिंतीलाही. टोकियोत ‘वॅम’ नावाचं एक छोटं संग्रहालय आहे. पत्रकार मात्सुई यायोरी यांनी २००२ मध्ये मृत्यूपूर्वी आपली मिळकत त्यासाठी ठेवली आणि २००५ मध्ये ते सुरू झालं. डिसेंबर २००० मध्ये टोकियोत भरलेल्या स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय जनन्यायालयामागेही त्यांचा पुढाकार होता. आत शिरताच भिंतभर वृद्ध स्त्रियांचे फोटो आहेत, ज्यांनी आपला चेहरा जगापुढे ठेवला त्यांचे. फोटो नसलेल्या कितीजणी, याचा हिशेब त्या भिंतीपुढे उभं राहून आपोआप मनात सुरू होतो.

हिशेबावरून आठवलं. आकड्यांच्या बाबतीत संग्रहालयं फार घसरतात. जपानी सैन्यानं किती स्त्रियांना गुलाम केलं, याचे अंदाज वीसेक हजारांपासून दोन लाख आणि त्याहून पुढे जातात. दक्षिण कोरियाच्या सरकारकडे नोंद झालेल्या स्त्रिया २४०. तैवानमध्ये ज्यांची ओळख पटली त्या ५९. बांगलादेशचा अधिकृत आकडा दोन लाख. पाटीवर मोठ्या ठशात एकच आकडा लिहायचा मोह होतो. मी आकड्याशेजारी कोणी, केव्हा आणि कशावरून मोजलं ते लिहिते, मग पाटी कितीही लांबली तरी चालेल. आकडा फुगवलेला सापडला, की नाकारणाऱ्याच्या हाती आपणच कोलीत देतो.

शब्दांचंही तसंच. ‘कम्फर्ट विमेन’ हा गुन्हेगारांचा शब्द आहे; जपानी ‘इआन्फू’चा तो तर्जुमा, आणि त्यात ‘कम्फर्ट’ कुणाचा हे उघड आहे. जाणती संग्रहालयं तो अवतरणचिन्हांत घालतात आणि शेजारी ‘लष्करी लैंगिक गुलामी’ असं स्पष्ट लिहितात. मराठीत पाट्या लिहिताना आपल्यासमोर वेगळाच खड्डा असतो. ‘अब्रू लुटली’, ‘शील भ्रष्ट केलं’, ‘तोंड दाखवायला जागा उरली नाही’. भाषा तयारच बसलेली असते आणि प्रत्येक वेळी नुकसान बाईच्या खात्यात टाकते. ‘बलात्कार केला’ असं कर्ता धरून लिहावं. कोणी केला, कोणत्या तुकडीनं, कोणाच्या हुकमानं. ‘तिच्यावर अत्याचार झाले’ या वाक्यात करणारा कुठेच नसतो, जणू पाऊस पडून गेला.

कोरियात ‘हल्मोनी’, तैवानमध्ये ‘आमा’, फिलिपिन्समध्ये ‘लोला’, सेपूर झार्कोत ‘आबुएला’. चारही ठिकाणी या स्त्रियांना लोक आजी म्हणतात. ताइपेमध्ये डिसेंबर २०१६ मध्ये उघडलेल्या संग्रहालयाचं नावच ‘आमा’. त्यात माया आहे, आदर आहे. पण दालनातून फिरताना सगळीकडे सुरकुतलेले हात दिसतात, आणि हे तेरा-चौदा, सतरा-अठरा वर्षांच्या मुलींवर घडलं होतं हे विसरायला होतं. सोलमध्ये जपानी वकिलातीसमोर १४ डिसेंबर २०११ रोजी, या स्त्रियांसाठी दर बुधवारी होणारी निदर्शनं हजार पुरी झाली तेव्हा बसवलेल्या पुतळ्यानं यावर तोड काढली. खुर्चीवर मुलगी बसलेली आहे, तिची जमिनीवरची सावली मात्र वाकलेल्या म्हातारीची. टाचा किंचित उचललेल्या, जमिनीवर पुरते न टेकलेले पाय. शेजारी एक रिकामी खुर्ची.

तरी त्या पुतळ्याबद्दल माझी एक कुरकुर आहे. अशी निरागस, शाळकरी मुलगी डोळ्यांसमोर ठसली की तिच्यासारखी न दिसणारी बाई बाद होते. जिला आधीच धंद्याला लावलेलं होतं, जी थोराड होती, जिनं जगण्यासाठी एखाद्या शिपायाचा आसरा धरला, ती ‘खरी’ ठरत नाही. जर्मनीत हे प्रत्यक्ष घडलं. नाझींनी १९४२ पासून दहा छळछावण्यांत कुंटणखाने काढले आणि तिथे न्यायच्या स्त्रिया बव्हंशी राव्हेन्सब्र्यूकच्या स्त्री-छावणीतून निवडल्या. त्यांतल्या बऱ्याच जणींच्या कपड्यावर ‘समाजविघातक’ म्हणून काळा त्रिकोण होता. युद्धानंतर इतर कैद्यांची स्मारकं झाली, पुस्तकं आली. या स्त्रियांबद्दल कैदी संघटनाही बोलेनात, कारण त्या खोल्यांत जाणारे पुरुषही कैदीच होते. राव्हेन्सब्र्यूकच्या स्मारकात या विषयाचं प्रदर्शन झालं ते २००७ मध्ये, छावणी सुटल्यानंतर ६२ वर्षांनी. आणि काळा त्रिकोण लावलेले कैदीही नाझींचे बळी होते, हा ठराव जर्मन संसदेनं केला २०२० मध्ये. पुरुषांवर झालेल्या लैंगिक हिंसेचं तर याहून वाईट. बोस्नियाच्या खटल्यांच्या निकालपत्रांत ती नोंदलेली आहे. दालनांत शोधून पाहा, क्वचितच सापडते.

यावर एक चांगला प्रयोग अर्जेंटिनात, ब्यूनोस आयर्समध्ये झाला. एस्मा ही नौदलाची शाळा, लष्करशाहीत गुप्त छळकेंद्र; २०१५ पासून तिथे संग्रहालय आहे. स्त्रियांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या साक्षी जुन्या खटल्यांपासून उपलब्ध होत्या, पण कायम मांडणीत त्यांना जेमतेम जागा मिळाली होती. मार्च २०१९ मध्ये संग्रहालयानं वाचलेल्या स्त्रियांच्या साक्षी हाताशी घेऊन स्वतःचीच मांडणी पुन्हा वाचली आणि त्याचं प्रदर्शन केलं. आपलं काय लिहायचं राहून गेलं, हे संग्रहालयानं स्वतः दाखवणं दुर्मीळ आहे. हे युद्ध नव्हतं, हुकूमशाही होती, हे मान्य. पण संग्रहालयवाल्यांनी शिकावं असं त्यात बरंच आहे.

राजकारणाबद्दल थोडक्यात, कारण त्यावर इतरत्र खूप लिहिलं जातं. सोलचं ‘युद्ध आणि स्त्रियांचे मानवी हक्क’ संग्रहालय आधी स्वातंत्र्यलढ्याच्या स्मारक-उद्यानात होणार होतं. स्वातंत्र्यसैनिकांच्या संघटनांनीच विरोध केला. हुतात्म्यांच्या जागी हे नको, असा सूर होता. शेवटी ५ मे २०१२ रोजी ते एका राहत्या वस्तीतल्या साध्या घरात उघडलं. मनिलामध्ये या स्त्रियांच्या आठवणीसाठी डिसेंबर २०१७ मध्ये बसवलेला पुतळा एप्रिल २०१८ मध्ये रातोरात हलवला गेला. जपानमध्ये आइची इथल्या कलामहोत्सवात २०१९ साली त्या खुर्चीवरच्या मुलीचा पुतळा असलेलं दालन धमक्यांमुळे तीन दिवसांत बंद पडलं. आठ देशांतल्या संघटनांनी युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदीसाठी दिलेला, या स्त्रियांबद्दलच्या दस्तऐवजांचा प्रस्ताव २०१७ मध्ये लांबणीवर टाकण्यात आला. आणि बाहेरच्यांनाच दोष देऊन भागत नाही. मे २०२० मध्ये ली योंग-सू या वाचलेल्या स्त्रीनं पत्रकार परिषद घेऊन, तीस वर्षं आपल्याबरोबर काम करणाऱ्या संघटनेलाच देणग्यांचा जाब विचारला. स्मृती जपणाऱ्या संस्थेपेक्षा ती बाई मोठी असते, हे त्या दिवशी पुष्कळांना नव्यानं कळलं.

कुठे कुठे तर पाटीच नसते. बोस्नियात विशेग्राडजवळ विलिना व्लास नावाचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं हॉटेल आहे. १९९२ मध्ये तिथे स्त्रियांना डांबून त्यांच्यावर बलात्कार केले गेले. युद्ध संपल्यावर ते पुन्हा हॉटेल म्हणून सुरू झालं.

संग्रहालयाबाहेर झालेल्या दोन गोष्टी मात्र मला कुठल्याही दालनाइतक्या मोलाच्या वाटतात. जून २०१५ मध्ये कोसोव्होतल्या प्रिश्तिनाच्या फुटबॉल मैदानावर कलावंत अल्केता जाफा म्रिपा यांनी दोऱ्या बांधून पाच हजार झगे आणि घागरे वाळत घातले, लोकांनी दिलेले. धुणं चारचौघांत धुवायचं नसतं, ही समजूत तिथेही आहे. म्हणून मुद्दाम सगळ्यांसमोर, वाऱ्यावर. कपडे देणाऱ्यांत वाचलेल्या स्त्रियाही होत्या. कोणता झगा कोणाचा, हे कळायला मार्ग नव्हता. दुसरी बोगोटातली. कोलंबियाच्या शांतता करारानंतर बंडखोरांनी खाली ठेवलेली ३७ टन शस्त्रं वितळवून डोरिस साल्सेदो यांनी त्यांची फरशी केली. डिसेंबर २०१८ मध्ये ती जागा खुली झाली. फरशीचे साचे ज्या पत्र्यांवरून घेतले ते पत्रे लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांनी घणानं ठोकून काढले होते. जमीन खडबडीत आहे, करडी, कुठे खोलगट, कुठे उंचवटा. पाटी वाचायच्या आधी पायांना कळतं. ठोकताना एखादीनं काय सांगितलं असेल ते फरशीत नाही, फक्त घाव आहेत.

कपड्यांबद्दल एक सूचना, कारण घरगुती संग्रह असलेले लोक हटकून विचारतात. असा कपडा कोणी दिला तर धुऊ नका. डाग हा पुरावा असतो आणि देणाऱ्याला तो तसाच हवा असू शकतो. आम्लविरहित कागदात सैल गुंडाळा, घड्या पडू देऊ नका, दाखवायचाच असेल तर ५० लक्सच्या वर उजेड नको आणि सलग वर्षानुवर्षं तर मुळीच नको. देणाऱ्याला आधीच सांगा की कपडा बराच काळ अंधारात राहील. बहुतेकींना ते ऐकून बरंच वाटतं.

राहिला काम करणाऱ्यांचा प्रश्न. आमच्याकडे कोणीही दिवसाला दोनपेक्षा जास्त साक्षी उतरवून काढत नाही. मार्गदर्शकाला कारण न विचारता फेरी सोडून बाहेर येता येतं. दालनात बसायला जागा असते आणि मागे न फिरता मधूनच बाहेर पडायचं दार असतं. प्रेक्षकांतही अशी एखादी असतेच, जिच्यासाठी हे दालन इतिहास नाही.

बंद साक्षींच्या कॅसेटही मरतात, चुंबकीय फीत झडते. त्या संगणकावर घ्यायच्या तर वेळ तेवढाच लागतो; तासाच्या फितीला तास. शिवाय फीत अडकते का, आवाज फाटतो का, हे बघायला कुणाला तरी समोर बसावं लागतं. पण तिनं तर लिहून दिलंय की कुणी ऐकायचं नाही. आमचा तंत्रज्ञ स्पीकर बंद करतो, हेडफोन काढून टेबलावर ठेवतो, आणि तासभर फक्त पडद्यावरची हिरवी पट्टी वर-खाली होताना बघत बसतो. मधेच ती बराच वेळ सपाट होते. तेव्हा तो पुढे वाकतो, फीत फिरतेय ना ते बघतो, आणि फिरत असली की परत मागे टेकतो.